कडक मशीन

४ जानेवारी २०२६, रविवार

सुभद्रा गेली त्याला आज चोपन्न दिवस झाले. तिच्या आजाराचे नाव डॉक्टरांनी उच्चारले त्या दिवसापासून मी दैनंदिनी बंद ठेवली होती. ती आज पुन्हा उघडली आहे. कारण या घरात जे घडले त्याला माझ्यावाचून साक्षीदार उरलेला नाही, आणि साक्षीदाराने लिहून ठेवावे.

सकाळी बंगळूरहून दर्शनाचा फोन आला. आमच्या या एकुलत्या एक कन्येचे आणि माझे संभाषण हल्ली चार मिनिटांपलीकडे जात नाही. तिने प्रकृती विचारली, मी सांगितली. मग म्हणाली, "बाबा, आईनेच सांगितलं होतं ना, दर्शनाला बोलावू नका म्हणून? ते लेखी आहे म्हणालात. मला पाठवा."

"पाठवतो. नीट करून पाठवतो."

"नीट नका करू. आहे तसं पाठवा."

पोटच्या मुलीने बापाकडे पुरावा मागावा, असे दिवस आले आहेत. दादरला चौतीस वर्षे टंकलेखन संस्था चालवलेल्या माणसाला कागदाचे महत्त्व कोणी शिकवू नये. पुरावा आहे.

स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या या आजारात सुभद्राची वाचा आधी गेली, हात चालते राहिले. शेवटचे चौदा महिने ती संगणकावर टंकलेखन करून बोलत असे आणि तिने लिहिलेले सर्व दिनांकासह एकाच फाइलीत साठत असे. अर्थात ही संभाषणाची एकच बाजू. माझे प्रश्न तोंडी असत. १९ ऑक्टोबरच्या सायंकाळी, दर्शनाला बोलावून घ्यावे की कसे, याविषयी मी तिला विचारले. तिने लिहिले, 'बर'. अनुस्वार दिलेला नाही, परंतु न बोलावण्यास संमती स्पष्ट आहे. ११ नोव्हेंबरच्या पहाटे ती गेली. दर्शना दुपारच्या विमानाने पोहोचली तेव्हा तिच्या आईच्या नाकात कापूस घातलेला होता. त्या कापसासाठी ती मला जबाबदार धरते.

७ जानेवारी, बुधवार

परळच्या रुग्णालयातील वाचोपचारतज्ज्ञ सुरुचीबाईंचा फोन. सुभद्रावर त्यांचेच उपचार चालू होते.

"काका, काकूंचा कीबोर्ड पडून असेल तर एका पेशंटसाठी द्याल का? भोईवाड्यातच राहतात, तुमच्या नायगावापासून दहा मिनिटं. काकूंचाच आजार. मोबाइलच्या काचेवर बोट थरथरतं आणि भलतंच उमटतं. त्यांना दाबल्यावर कळेल असं बटण हवं."

मी सांगितले की वस्तू देऊन मोकळे होणाऱ्यांतला मी नाही. स्वतः जाऊन पद्धतशीर शिकवीन. त्या कळफलकाच्या कळा मी मुद्दाम कडक करून घेतल्या आहेत, हेही सांगितले.

"कडक? का पण?"

त्यांना काय सांगावे? आमच्या संस्थेत खिडकीजवळ एक यंत्र असे, त्याला विद्यार्थी 'कडक मशीन' म्हणत. ज्याची करंगळी कमजोर, अक्षर फिके उमटते, त्याला महिनाभर त्या यंत्रावर बसवायचे. पहिल्या आठवड्यात मुले रडत. महिन्यानंतर साध्या यंत्रावर बसली की बोटे पाखरासारखी चालत. माझ्या गुरूंनी मला असेच घडवले. १९८४ साली सुभद्रा माझी विद्यार्थिनी होती तेव्हा तिलाही मी असेच घडवले. गेल्या ऑगस्टमध्ये तिची बोटे ढिली पडू लागली तेव्हा मी तोच उपाय केला. लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानात कळफलक दोन दिवस ठेवून सर्व कळांखाली ऐंशी ग्रॅमच्या स्प्रिंगा घालून घेतल्या, आणि करंगळ्यांच्या कळांखाली शंभरच्या. मूळच्या पंचेचाळीस ग्रॅमच्या होत्या, अगदीच लोण्यासारख्या. शिवाय खाणाखुणा बंद केल्या. मानेला पट्टा असल्यामुळे मान हलवण्याचा प्रश्न नव्हता, पण ती हाताने खुणा करी. लिहिता येते तोवर लिहावे. खुणांची सवय लागली की बोटे आळसावतात.

सुरुचीबाई म्हणाल्या, "काका, यात स्नायू दमवायचे नसतात. मी तेव्हाही सांगितलं होतं."

याच बाईंनी, काकूंचे हात डिसेंबरपर्यंत चांगले चालतील, असे भाकीत केले होते. ते सप्टेंबरातच मंदावले. ज्यांचे भाकीत तीन महिन्यांनी चुकते, त्यांनी चौतीस वर्षांच्या अनुभवाला शिकवू नये. हे मी त्यांना बोललो नाही. इथे लिहितो.

११ जानेवारी, रविवार

फाइल वाचावयास घेतली. दर्शनाला पाठवण्यापूर्वी निदान अनुस्वार तरी घालावेत, या हेतूने. तिची आई अशुद्ध लिहीत असे, असा समज पुढे राहू नये.

वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. जुलैपर्यंत सुभद्राच्या लिखाणात फार तक्रारी आहेत. 'पंखा नको', 'ती गोळी नको', 'टीव्ही बंद करा हो', 'चहा आणखी गरम', 'दर्शनाला फोन लावा'. ऑगस्टपासून हा सूर बदलतो. वाक्ये आखूड होतात. चहावरची वासना तर पूर्ण उडालेली दिसते. ऑगस्टनंतर चहाचा उल्लेखच नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात बहुतेक ठिकाणी 'बर', 'बर', एवढेच. मनुष्य शेवटी शेवटी निवृत्त होतो तो असा.

दर्शनाचे नावही ३ सप्टेंबरनंतर कोठे आढळत नाही. त्या दिवशी तिने 'दरसना' असे लिहिले होते. मी चूक दाखवली. ती थकलेली होती म्हणून पुन्हा लिहून घेतले नाही. त्यानंतर तिने मुलीचे नाव काढलेले नाही. हे दर्शनाला वाचून वाईट वाटेल. परंतु आहे तसे पाठवा, असे तिचेच म्हणणे आहे.

१४ जानेवारी, बुधवार

तीन दिवस कळफलकावर काम केले. यांत्रिक कळफलकाची रचना समजण्यास कठीण नाही. प्रत्येक कळीची टोपी चिमट्याने उचलली की खाली एक डबी असते. डबीत एक दांडी, आणि दांडीखाली केसाएवढ्या तारेची स्प्रिंग. दांडीच्या बाजूला एक बारीक उंचवटा असतो; अक्षर उमटण्याआधी बोटाला तो जाणवतो. उंचवटा दांडीचा, जोर स्प्रिंगेचा. स्प्रिंग बदलली की कळीचा स्वभाव बदलतो.

नवीन विद्यार्थी आहे म्हणून सवलत दिली: सर्वत्र बासष्ट ग्रॅम, करंगळ्यांना ऐंशी. दांडीच्या दोन्ही कडांना बारीक कुंचल्याने वंगण लावले, त्यामुळे कळ खरखरत नाही. प्रत्येक कळ तपासण्यासाठी सुभद्राचा पथ्य मोजण्याचा काटा वापरला. कळफलक काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावयाचा, आणि पडद्यावर अक्षर उमटेपर्यंत कळ दाबून आकडा वाचावयाचा. एकसष्ट, त्रेसष्ट, बासष्ट. एका डबीत वंगण जास्त झाले होते, ती पुसून पुन्हा बसवली.

संक्रांत. शेजारच्या राणेवहिनी तिळगूळ घेऊन आल्या आणि माझ्यापुढे डबा धरून काही न बोलता उभ्या राहिल्या. मी एक लाडू घेतला. विधुराशी गोड बोला, असे म्हणण्याचे धैर्य त्यांना झाले नाही.

१८ जानेवारी, रविवार

भोईवाड्यात गेलो. दुसरा मजला, चाळीची शेवटची खोली.

रुग्णाचे नाव कुशाबा घाडी. वय चोपन्न. महापालिकेच्या भांडारात कारकून, आणि रात्री डबलबारी भजनाचे बुवा. समोरच्या बुवाला गाण्यातून चिमटे काढणे आणि त्याने काढलेले परतवणे, ही त्यांची ख्याती. भिंतीवर फेट्यातली छायाचित्रे, कोपऱ्यात खोळ घातलेली पेटी. असा मनुष्य दिवाळीपासून एक शब्द बोललेला नाही. पत्नी बकुळा दादरच्या फूलबाजारासाठी हार करते. ती भिंतीला टेकून झेंडू ओवत होती.

रुग्णालयाने दिलेल्या जुन्या संगणकाला मी कळफलक जोडला, मांडी कशी असावी, मनगट कसे असावे ते समजावले. सरकारी मराठी मांडणी आहे. प्रत्येक बोटाच्या कळा ठरलेल्या. कुशाबांनी उजव्या हाताचे एकच बोट उगारले आणि खटखट करू लागले. मी ते थांबवले. एका बोटाने लिहिणे म्हणजे एका पायाने चालणे.

बकुळाबाई दोऱ्यावरून मान वर न करता म्हणाल्या, "मास्तर, एका पायान चालणारो चालता तरी. तुमी त्येचे दोनय पाय बांधूक बसलात."

"बाई, सवय महिन्याभरात होते."

"महिने मोजूनच दिल्यानीत डॉक्टरान. त्यातलो एक तुमका देवचो?"

कुशाबांचे खांदे हलले. ते हसत होते, हे मला उशिरा समजले. त्यांच्याकडून 'नमस्कार मास्तर' एवढे लिहून घेण्यास अकरा मिनिटे लागली. बोटांची पद्धत शेवटपर्यंत मोडू दिली नाही.

२५ जानेवारी, रविवार

आठवड्यात चार वेळा गेलो. प्रगती आहे. डावी करंगळी अजून लंगडते. थरथरून खाली घसरते. करंगळीची कळ दहा वेळा, विश्रांती, पुन्हा दहा वेळा, असा पाठ दिला.

बकुळाबाई म्हणाल्या, "मास्तर, ह्यां मशीन तुमी दगड घालून आणलात काय?"

मी म्हणालो, माझ्या पत्नीला याहून जड कळा होत्या.

"आणि?"

"आणि काय? शेवटपर्यंत लिहीत होती. तक्रार केली नाही."

त्यांनी हाराला गाठ मारली. मग म्हणाल्या, "गुणाची होती."

२९ जानेवारी, गुरुवार

आज समाधानाची नोंद करावयाची आहे. कुशाबांचा सुरुवातीचा हट्ट गेला. पाठ करू या का, विचारले; 'बर'. थोडा आणखी करू या, 'बर'. रविवारी येतो; 'बर'. चटकन, बिनचूक, योग्य बोटाने. सुभद्राच्या शेवटच्या महिन्यांत जी शांतता उतरली होती, तीच मला येथे दिसली. पद्धत चुकीची नव्हती. हे सुरुचीबाईंना कळवावे, आणि दर्शनालाही.

जिन्यापर्यंत पोचवायला आलेल्या बकुळाबाई मात्र निराळेच म्हणाल्या. "मास्तर, माका भीती वाटता. ह्या माणसान लग्नात भटजीकसुदा बरं म्हटल्यान नाय. सगळ्यांका उलट उत्तर. आणि आता तुमका बरं बरं करता. त्येचां कायतरी बिघाडला."

अशिक्षित मनुष्याला शिस्त ही आजारासारखी दिसते.

४ फेब्रुवारी, बुधवार

आज ठरलेल्या वेळेच्या तासभर आधी गेलो. दाराला पडदा होता, आत खटखट चालू होती, आणि तिचा वेग माझ्या अपेक्षेच्या दुप्पट होता. मी पडदा सारला.

कुशाबांनी लाकडी उलथन्याचा दांडा मुठीत उभा धरला होता आणि दंडाच्या भाराने एकेका कळीवर तो मारीत होते. करंगळी नाही, तर्जनी नाही. पेटी वाजवणारा हात उखळात मुसळ घालावा तसा चालला होता. बकुळाबाईंनी झडप घालून उलथने पदराखाली घेतले. कुशाबांनी मात्र तिला हाताने थांबवले, आणि माझ्याकडे पाहून संगणकाच्या पडद्याकडे बोट दाखवले. वाचा, असे.

पडद्यावर होते:

'बकुळा मास्तर आला की उलतन लपव. मी त्याला बर लिहून देतो. बर ला एकच बोट लागते. नको लिहायला गेलो तर करंगळी मोडते. मास्तर खूश मी मोकळा.'

मी उभ्यानेच वाचले. मग चष्मा पुसून पुन्हा वाचले.

"हे खरे आहे?" मी विचारले.

कुशाबांनी उजवी तर्जनी सावकाश उचलली, दोन कळा दाबल्या. 'बर'. त्यांचे खांदे हलू लागले. बकुळाबाईही तोंडाला पदर लावून हसल्या. "रागावू नका मास्तर. डबलबारीचो माणूस. समोरच्याक फसवल्याबिगर त्येका जेवण जात नाय."

मी रागावलो नव्हतो. पाठ न घेता घरी आलो.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सुभद्राची फाइल उघडून नीट मोजणी केली. ती खालीलप्रमाणे.

ब आणि र ही दोन्ही अक्षरे उजव्या तर्जनीखाली आहेत, आणि तिचे सर्वांत शेवटपर्यंत टिकलेले बोट उजवी तर्जनीच होते. 'नको' या शब्दाची शेवटची मात्रा डाव्या करंगळीखाली आहे. 'हो' या शब्दाचीही तीच. चहाचा च उजव्या करंगळीखाली. दर्शनाच्या नावातील श उमटवण्यासाठी डाव्या करंगळीने शिफ्टची कळ दाबून धरावी लागते. स लिहिताना ती लागत नाही. करंगळ्यांच्या या सर्व कळांखाली मी शंभर ग्रॅम घातले होते.

कळफलक दुकानातून १२ ऑगस्टला परत आला. १४ तारखेला तिने लिहिले आहे, 'जड आहे हे'. मी काय म्हणालो ते फाइलीत नाही, पण मला ठाऊक आहे. सवय होईल, म्हणालो. १६ तारखेला शेवटचे 'नको'. त्यानंतर ११ नोव्हेंबरपर्यंत 'नको' एकदाही नाही. 'हो' एकदाही नाही. 'बर' दोनशे चौदा वेळा.

३ सप्टेंबरला तिने श सोडून देऊन मुलीला हाक मारली होती. मी तिला चूक दाखवली.

दोनशे चौदा प्रश्न मी तिला कोणते विचारले, ते आठवण्याचा दिवसभर प्रयत्न केला. पंखा लावू का. कुशीवर वळवू का. दूध पुरे का. रेडिओ राहू दे ना. आठ-दहांपलीकडे आठवले नाहीत. त्या प्रत्येकाला ती हो म्हणाली असे मी धरून चाललो होतो.

अनुस्वार घालण्याचे काम सप्टेंबरच्या नोंदींपर्यंत झाले होते. घातलेले सर्व काढून टाकले.

७ फेब्रुवारी, शनिवार

लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानाचे मालक माधवराव पन्नाशीचे आहेत. त्यांनी मला ओळखले. "सर, तुम्ही ऑगस्टमध्ये शंभर ग्रॅमवाल्या नेल्या होत्या ना? त्या कुणी नेत नाही, म्हणून लक्षात राहिलं. मला वाटलं घरात गेम खेळणारा नातू असेल, कीबोर्ड तोडणारा."

"सर्वांत हलकी कोणती आहे?"

"पस्तीस. पण नका घेऊ सर. बोट नुसतं टेकवलं तरी अक्षर पडतं. लोक कंटाळून परत आणतात."

"तीच द्या."

"सगळ्या बटणांना पस्तीस?"

"सर्व. करंगळ्यांनाही."

त्यांनी पुडी बांधता बांधता सहज विचारले, "ऑगस्टमध्ये नेलेल्या जमल्या का कुणाला?" गिऱ्हाइकाला विचारतात तसे. मी पैसे देऊन बाहेर पडलो. ट्रॅफिकमध्ये रस्ता ओलांडताना बराच वेळ दुभाजकावर उभा होतो. आपण कोणत्या बाजूला चाललो होतो, हे आठवत नव्हते.

९ फेब्रुवारी, सोमवार

काल भोईवाड्यातून कळफलक घरी आणला, आणि काल-आज मिळून सर्व स्प्रिंगा बदलल्या. दांडीवरचा उंचवटाही पॉलिश कागदाने घासून थोडा कमी केला. पस्तीस ग्रॅमच्या कळीला तो उंबरठ्यासारखा आडवा येत होता. काट्यावर आकडे घेतले. एका ठिकाणी अडतीस आले, ती डबी बदलली. नंतर मी स्वतः बसलो. बोटे मधल्या ओळीवर ठेवताच ती आपोआप लिहू लागली. मी काहीही लिहीत नव्हतो आणि पडदा भरत होता. हात उचलून घ्यावे लागले.

सायंकाळी भोईवाड्यात नेऊन जोडला. या वेळी बोटांची पद्धत सांगितली नाही. कुशाबांनी माझ्याकडे संशयाने पाहिले, मग एक बोट टेकवले. अक्षर उमटले. त्यांनी बोट झटक्याने मागे घेतले, जणू चटका बसला. पुन्हा टेकवले. मग डावी करंगळीही. मग थांबले नाहीत. पहिले वाक्य उमटले ते असे: 'कालच्या बांगड्याला मीठ नव्हते.'

बकुळाबाईंनी हातातला हार खाली ठेवला. "बघा. तीन महिन्यांनी त्वांड उघडल्यान आणि पयलो माझ्यावरच घसारलो. मास्तर, तुमचां जडच बरां होतां."

'परवाच्या भातात खडा होता.'

"होता तर होता. तेवां सांगूचा होता."

'सांगत होतो. तू उलतन धुवायला नेलेस.'

असे पाऊण तास चालले. शेजारच्या खोलीतले दोघे-तिघे दारात येऊन उभे राहिले आणि मोठ्याने वाचू लागले. जुने हिशेब निघाले, कुणाच्या तरी लग्नातला मानपान निघाला, समोरच्या मंडळाच्या बुवाची टर उडाली, तिला सगळे हसले. बकुळाबाई भांडता भांडता रडू लागल्या, पण हार ओवणे थांबवले नाही. मी मोरीपाशी स्टुलावर बसून होतो. तेथे माझे काही काम नव्हते.

गर्दी पांगल्यावर बकुळाबाईंनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळल्या. "तुमच्या बाईंका पण शेवटाक असोच करून दिल्यात?"

"नाही," मी म्हणालो. "त्यांना जड करून दिला होता. त्यांची बोटे पोहोचत नव्हती, हे मला कळले नाही."

"किती दिवस?"

"तीन महिने."

कुशाबांचे हात कळफलकावरून खाली आले. बकुळाबाईंनी एक फूल ओवले, मग दुसरे. शेवटी म्हणाल्या, "चाय टाकू, मास्तर? घेशात?"

"नको," मी म्हणालो. किती सहज म्हणता आले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दर्शनाला फोन केला. तिच्या कार्यालयाची वेळ टाळून, सायंकाळी साडेसातला. जे घडले ते दिनांकांसह क्रमाने सांगितले: कडक मशीनची पद्धत, १२ ऑगस्ट, कोणते अक्षर कोणत्या बोटाखाली, तिच्या नावातील श, ३ सप्टेंबर. मध्ये तिने एकदाही अडवले नाही. मला वाटले फोन तुटला.

"दर्शना?"

"ऐकतेय." मग म्हणाली, "एकोणीस ऑक्टोबरला तुम्ही तिला काय विचारलंत? शब्द काय होते?"

हे शब्द मला आठवतात. गेल्या आठवड्यात ज्या आठ-दहा प्रश्नांची आठवण झाली, त्यांत हा पहिला होता. "मी म्हणालो, दर्शनाला उगाच धावपळ करायला लावायची नाही ना?"

"म्हणजे उत्तर तुम्हीच घालून ठेवलं होतंत."

"होय."

"तिला फक्त सही करायची होती."

"होय."

"आणि मी रोज फोन करून तुम्हाला विचारत होते, आई काय म्हणते. तुम्ही म्हणायचात, बरी आहे, काही म्हणत नाही." तिचा आवाज चढलेला नव्हता, चढला असता तर मला ते अधिक सोपे गेले असते. "बाबा, मी तुम्हाला खोटं ठरवायला ती फाइल मागितली नव्हती. मला वाटत होतं, मधेच कुठेतरी तिने माझं नाव घेतलं असेल. तेवढं एकदा बघायचं होतं."

"३ सप्टेंबरला आहे."

"ते तुम्ही आधी नीट करून ठेवलं असेल."

"नाही. ते तसेच आहे."

ती म्हणाली की शनिवारी सकाळच्या विमानाने ती येणार आहे. आईचे कपाट आवरील आणि संगणक घेऊन जाईल. संध्याकाळीच परतेल. "तुम्ही त्या वेळी घरी थांबू नका. तुम्ही समोर असलात तर मला ते वाचता येणार नाही."

मी मान्य केले.

शनिवारी अकरा ते चार मी भोईवाड्यात असेन. कुशाबांची एक कळ अडकते आहे, तिचे निमित्त आहे. किल्ली राणेवहिनींकडे ठेवली. फाइल पडद्यावरच, सहज दिसेल अशी ठेवली आहे. तिच्या एकाही अक्षराला हात लावलेला नाही. दर्शनाला जेवायला काय लागेल, हे विचारायचे राहून गेले.